शस्त्रांचा व्यापार आणि आपली सम्यक आजीविका



आजच्या पाठाचा विषय एका मातेने दिला आहे. मागील पौर्णिमेस मोखाडा तालुक्यातील एका गावी आम्ही आठ-दहा कुटुंबे वंदनेसाठी जमलो होतो. त्रिशरण-पंचशील झाले, खीर वाटून झाली आणि उठता उठता एका मावशींनी मला थांबविले. त्यांचा मुलगा माझा जुना विद्यार्थी. आयटीआयमधून वेल्डर होऊन तो पुण्याकडील एका कारखान्यात कंत्राटावर लागला आहे. त्याने घरी मोबाईलवर एक फोटो पाठविला होता. जाड पोलादाची, एवढ्याशा काचांची, भली मोठी हिरवट गाडी. खाली लिहिले होते, ‘हिची पेटी आम्ही जोडली. आता ही परदेशात जाणार.’

मावशी म्हणाल्या, “गुरुजी, आपल्याकडं टँक म्हटला की पाण्याचा. उन्हाळ्यात टँकर आला की हंडे घेऊन धावायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. हा लढाईचा टँक का? आणि आपण तर पहिलंच शील म्हणतो, प्राण्याची हत्या करणार नाही म्हणून. मग पोराचा पगार घरात घ्यायचा की नाही?”

त्या वेळी मी “विचार करून सांगतो” एवढेच म्हणालो. पगाराचा आणि शीलाचा प्रश्न एका दमात विचारणाऱ्या बाईला घाईने उत्तर देणे बरे नव्हे. असा प्रश्न उद्या आपल्यापैकी कोणाच्याही घरात येईल, म्हणून तो येथे सर्वांसमोर मांडीत आहे.

टँक हे नाव पाण्यावरूनच आले

मावशींच्या बोलण्यात नकळत एक ऐतिहासिक सत्य होते. पहिल्या महायुद्धात इंग्लंडने पोलादी पत्र्याने मढविलेली, साखळीपट्ट्यांवर चालणारी लढाऊ गाडी गुप्तपणे बनविली. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून ही पाणी वाहून नेण्याची टाकी आहे असे सांगण्यात आले. ‘टँक’ हे नाव तेव्हापासून चिकटले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधील सोम नदीच्या रणभूमीवर ती प्रथम उतरली. कारखान्यातील पुष्कळ कामगार त्यापूर्वी पाण्याची टाकी समजून तिचे पत्रे जोडीत होते. त्यांना आपण काय बनवितो ते माहीत नव्हते. आपल्या मुलाला ते माहीत आहे. हा फरक ध्यानात ठेवावा. पुढे तो कामास येईल.

मावशींनी दाखविलेली गाडी मात्र रणगाडा नव्हे. रणगाड्यावर मोठी तोफ असते आणि तो साखळीपट्ट्यांवर चालतो. चाकांवर धावणारी, आत आठ-दहा जवानांना बसवून नेणारी, गोळी व सुरुंग यांपासून वाचविणारी ती चिलखती गाडी. तिच्यावरही बंदूक वा लहान तोफ बसविता येते.

या गाडीचा उपयोग केवळ मारण्यासाठी होतो असे म्हणणे खरे होणार नाही. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, गडचिरोली जिल्ह्यात जांभुळखेड्याजवळ सुरुंगस्फोट झाला. १५ पोलीस आणि गाडीचा चालक असे १६ जण मरण पावले. ते साध्या खासगी वाहनातून जात होते. अशा वेळी जाड पोलादाचा तळ असलेली गाडी गरिबाच्या मुलाचा जीव वाचविते. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यानंतर शहराच्या पोलिसांनाही चिलखती गाड्या देण्यात आल्या. तेव्हा पोलाद पापी आहे असे आपण म्हणणार नाही. प्रश्न पोलादाचा नाही, व्यापाराचा आहे.

घेणारा देश विकणारा झाला

हा व्यापार आपल्या दारापर्यंत कसा आला ते पाहा. स्वातंत्र्यानंतर अनेक वर्षे भारत रणगाडे बाहेरून आणीत असे. आधी इंग्लंडकडून, मग सोव्हिएत संघाकडून. पुढे मद्रासजवळ आवडी येथे ते बनू लागले. आजही आपण घेणारेच अधिक आहोत. स्वीडनमधील शांतता संशोधन संस्थेच्या हिशेबाप्रमाणे २०२० ते २०२४ या काळात जगात मोठी शस्त्रे आयात करणाऱ्या देशांत भारत दुसरा होता.

परंतु विक्रीही झपाट्याने वाढली आहे. भारत सरकारच्या आकड्यांप्रमाणे २०१३-१४ मध्ये संरक्षण साहित्याची निर्यात ६८६ कोटी रुपयांची होती. २०२३-२४ मध्ये ती २१,०८३ कोटींवर गेली आणि २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटींवर. अकरा वर्षांत चौतीस पटीहून अधिक. यात गाड्याच नव्हेत, तर दारूगोळा, सुटे भाग, तोफा, क्षेपणास्त्रे, नौका सर्व आले.

महाराष्ट्राचा यात मोठा हात आहे. खडकी, देहू रोड, अंबरनाथ, वरणगाव, भुसावळ, भंडारा, अंबाझरी, चांदा येथे आयुध निर्माण्या आहेत. अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि सैन्याच्या वाहनांवर संशोधन करणारी सरकारी संस्थाही आहे. त्या संस्थेने टाटा समूहाच्या कंपनीबरोबर आठ चाकांची चिलखती गाडी तयार केली. ती गाडी मोरोक्कोच्या सैन्याने पसंत केली आणि तिच्यासाठी मोरोक्कोतील बेरेशीद येथे उभारलेल्या कारखान्याचे उद्‌घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये भारताच्या संरक्षणमंत्र्यांच्या हस्ते झाले. पुण्याची भारत फोर्ज कंपनी पूर्वी मोटारींचे घडीव भाग करीत असे. आता ती तोफा आणि चिलखती गाड्याही करते. नोव्हेंबर २०२२ मध्ये या समूहाला १५५ मिलिमीटर तोफांची परदेशी मागणी मिळाली, किंमत १५ कोटी ५५ लाख डॉलर. घेणारा देश कोणता, हे जाहीर करण्यात आले नाही. तेथे युद्ध चालू नाही, एवढेच सांगितले गेले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. आपण बाजारात नागली विकतो तेव्हा घेणारा समोर असतो. येथे कोट्यवधींचा माल जातो आणि ज्या देशात तो बनतो त्या देशातील नागरिकाला गिऱ्हाइकाचे नाव कळत नाही.

विकलेले शस्त्र कोठे जाते

१९६५ च्या युद्धात पंजाबातील असल उत्तर येथे भारत-पाकिस्तानची मोठी रणगाडा-लढाई झाली. पाकिस्तानचे पॅटन रणगाडे अमेरिकेने दिलेले, आपले सेंच्युरियन इंग्लंडमध्ये बनलेले. साम्यवादाविरुद्ध वापरण्यासाठी म्हणून अमेरिकेने पॅटन दिले होते. ते आले आपल्या उसाच्या शेतात. मेले ते दोन्हीकडचे शेतकऱ्यांचे मुलगे. १९८० ते १९८८ या काळात इराण आणि इराक एकमेकांशी लढले, तेव्हा चीनने दोन्ही पक्षांना रणगाडे विकले. विकणाऱ्याला दोन्हीकडून पैसा मिळाला.

आता आपल्याच देशाची गोष्ट. दक्षिण आफ्रिकेत काळ्या माणसाला अस्पृश्यासारखे वागविणारी वर्णभेदाची राजवट होती. भारताने १९४६ मध्येच तिच्याशी व्यापार तोडला होता. नोव्हेंबर १९७७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने तिला शस्त्रे विकण्यावर सर्व राष्ट्रांना बंदी घातली. तरीसुद्धा १९७८ मध्ये भारतीय सैन्यातून काढलेले सेंच्युरियन रणगाडे एका स्पॅनिश कंपनीला विकले गेले आणि तेथून ते दक्षिण आफ्रिकेत पोहोचले. तेथे त्यांना नवी इंजिने बसविण्यात आली. ज्या राजवटीचा आपण जगभर धिक्कार करीत होतो, तिचेच बळ आपल्या जुन्या रणगाड्यांनी वाढले. ज्यांनी मनुस्मृतीचा जाच भोगला त्यांनी ही गोष्ट विसरू नये.

अशा गोष्टी रोखण्यासाठी शस्त्र घेणाऱ्याकडून अंतिम वापराचे प्रमाणपत्र घेण्याची पद्धत आहे. एप्रिल २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शस्त्रव्यापार करारही संमत केला. त्यातील यादीत पहिले नाव रणगाड्यांचे व दुसरे चिलखती लढाऊ वाहनांचे आहे. आपण देत असलेले शस्त्र नरसंहारासाठी वापरले जाणार हे ठाऊक असेल तर ते देऊ नये, असे बंधन त्यात आहे. भारताने त्या वेळी मतदानात भाग घेऊन कोणत्याही बाजूस मत दिले नाही, आणि तो या करारात सामील नाही. हा करार आयात करणाऱ्या देशांवर अन्याय करतो, विकणाऱ्यांना झुकते माप देतो, असा भारताचा आक्षेप होता. तो आक्षेप अगदी निराधार नव्हता. पण आता आपण स्वतःच विकणारे झालो आहोत, म्हणून या प्रश्नाचा फेरविचार झाला पाहिजे.

तथागतांनी काय सांगितले

अंगुत्तर निकायातील पंचक निपातात एक लहानसे सुत्त आहे. उपासकाने पाच व्यापार करू नयेत, असे त्यात सांगितले आहे: सत्थवणिज्जा म्हणजे शस्त्रांचा, सत्तवणिज्जा म्हणजे माणसांचा व प्राण्यांचा, मंसवणिज्जा म्हणजे मांसाचा, मज्जवणिज्जा म्हणजे मद्याचा आणि विसवणिज्जा म्हणजे विषाचा व्यापार. यादीत शस्त्र पहिले आहे.

यावरून धम्म व्यापाराच्याच विरुद्ध आहे असे कोणी समजू नये. अनाथपिंडिक व्यापारी होता. आपल्याच पालघर जिल्ह्यातील सोपारा हे प्राचीन बंदर. तेथील पूर्ण नावाचा व्यापारी तथागतांचा भिक्खू झाला आणि धम्म घेऊन आपल्या प्रांतात परतला. कापड विका, धान्य विका, भांडी विका. त्यास हरकत नाही. मग शस्त्राचे वेगळे काय?

कापड विकणाऱ्याला लोकांना कापड हवे असे वाटते, यात कोणाचे वाईट नाही. शस्त्र विकणाऱ्याच्या धंद्याची भरभराट व्हावयाची तर कोठेतरी भय वाढले पाहिजे, शेजाऱ्याने शेजाऱ्याचा संशय घेतला पाहिजे. त्याच्या मनात द्वेष नसेलही. परंतु त्याची भाकरी दुसऱ्यांच्या द्वेषावर भाजली जाते. म्हणून तथागतांनी हा व्यवसाय सम्यक आजीविकेबाहेर ठेवला.

मग शिपायाचे काय? सिंह सेनापतीने हाच प्रश्न तथागतांना विचारला होता. आपल्या घरादाराच्या रक्षणासाठी लढणेही वर्ज्य आहे काय? बाबासाहेबांनी ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ या निबंधात हा संवाद मुद्दाम सांगितला आहे. शांततेचे सर्व उपाय थकल्यावर न्यायासाठी लढणारा दोषी नाही. ज्याने युद्धाचे कारण निर्माण केले तो दोषी, असा त्याचा आशय आहे. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत बाबासाहेबांनी भेद केला. शिपायाला कधी गरज पडते. शस्त्राच्या व्यापाऱ्याला मात्र गरज कधी संपूच नये असे वाटू लागते.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारणही युद्धच आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय भांडले. शाक्यांच्या संघाने युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने त्यास विरोध केला आणि त्याची किंमत म्हणून घर सोडले. मोखाड्याच्या माणसाला पाण्याचे भांडण काय असते ते समजावून सांगावे लागत नाही. वैतरणेवरील धरणांचे पाणी मुंबईस जाते आणि उन्हाळ्यात आपण टँकरची वाट पाहतो. तरीही पाणी मागण्याचा मार्ग रक्तपाताचा नाही, हे सिद्धार्थाने सांगितले.

बाबासाहेब आणि सैन्य

बाबासाहेब सैन्याच्या विरोधात नव्हते. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगाव येथे महार रेजिमेंटची उभारणी सुरू झाली. याच रेजिमेंटमध्ये अधिकारी म्हणून सुरुवात केलेले जनरल सुंदरजी पुढे भारतीय सैन्याच्या यांत्रिक पायदळाचे, म्हणजे चिलखती गाड्यांतून लढणाऱ्या दलाचे, एक प्रमुख शिल्पकार ठरले. तेव्हा रणगाडे आणि चिलखती गाड्या यांच्याशी आपला संबंध नवा नाही.

परंतु त्याच बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा देताना आपल्या निवेदनात सैन्यखर्चाचा हिशेब मांडला होता. देशाचा वार्षिक महसूल सुमारे ३५० कोटी, त्यातील सुमारे १८० कोटी सैन्यावर. एवढा बोजा गरीब देशावर का पडतो, आपल्या परराष्ट्र धोरणात काही चुकते काय, हा त्यांचा सवाल होता. संरक्षण हवे, परंतु त्याचा हिशेब मागण्याचा हक्क नागरिकाचा आहे, असा याचा अर्थ. आपणही हिशेब शिकावा. सप्टेंबर २०२१ मध्ये सैन्यासाठी ११८ अर्जुन रणगाड्यांची मागणी नोंदविली गेली, रक्कम ७,५२३ कोटी. भागाकार करून पाहा. एका रणगाड्यास सुमारे ६४ कोटी येतात. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीची बालके १९९२ मध्ये कुपोषणाने गेली, हे ज्यांना आठवते त्यांनी हा भागाकार मुलांकडून अवश्य करून घ्यावा.

मावशींना उत्तर

मावशी, आता तुमच्या प्रश्नाकडे येतो.

पहिली गोष्ट, पगार घरात घ्या. तुम्ही आणि मुलाच्या वडिलांनी दिवाळीनंतर शेठची उचल घेऊन वीटभट्टीवर दिवस काढले. तुमचा मुलगा भविष्य निर्वाह निधीचे खाते असलेला घरातील पहिला माणूस आहे. त्याला “उद्या नोकरी सोड” असे सांगणे माझ्यासारख्या पगारदार शिक्षकास सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. प्राचीन अट्ठकथेत सत्थवणिज्जेचा अर्थ आयुधे करवून घेऊन त्यांची विक्री करणे असा दिला आहे. करवून घेणारा आणि विकणारा यांच्यावर तेथे बोट ठेवले आहे. तुमचा मुलगा मालक नाही. काय बनवायचे आणि कोणाला विकायचे हे त्याने ठरविलेले नाही.

दुसरी गोष्ट, एवढ्यावर समाधान मानू नका. इंग्लंडच्या त्या कामगारांना आपण टाकी जोडतो असे वाटत होते. तुमच्या मुलाला खरे ठाऊक आहे आणि ज्याला ठाऊक आहे त्याने विचार टाळता कामा नये. त्याला म्हणावे, तुझ्या कामाचा अभिमान बाळग. जोड पक्का कर, कारण आत आपल्यासारख्यांचीच मुले बसतात. पण ‘परदेशात जाणार’ याचा अभिमान बाळगण्यापूर्वी विचार, कोणत्या देशात आणि कोणावर चालविण्यासाठी?

तिसरी गोष्ट, वेल्डिंग ही विद्या कोणत्याही एका मालाशी बांधलेली नाही. त्याच हाताने एसटीची चौकट, पुलाची तुळई आणि पाण्याची टाकीही जोडता येते. सारख्या पगाराचे असे काम मिळाले तर त्याने ते धरावे. त्यासाठी पुढचे प्रशिक्षण घ्यावे. आपण त्यास मदत करावी.

चौथी गोष्ट आपणा सर्वांसाठी. आपल्यातील ज्यांच्याकडे चार पैसे जमतील त्यांनी या व्यापारात भांडवल घालू नये. कोणी म्हणेल, आम्ही नाही विकले तर दुसरा विकेल. बंधूंनो, हातभट्टीवालाही हेच म्हणतो. त्याच्या दारावर मोर्चा नेताना आपल्या माता-भगिनींनी हे उत्तर कधी मान्य केले नाही. सरकारने मान्य केले तरी मान्य करू नये.

पाचवी गोष्ट, मत मागण्यास येणाऱ्यास रस्ता आणि पाणी यांच्याबरोबर हेही विचारावे, की आपल्या देशातून जाणारी शस्त्रे कोणास दिली, याची पूर्ण यादी लोकांपुढे का ठेवीत नाही?

याच जिल्ह्यातील सोपाऱ्यास सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये सापडला. आज तो मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. शिकारीच्या सहली सोडून आपण धम्मयात्रा सुरू केल्याचे राजा त्यात सांगतो. कलिंगच्या युद्धात एक लाख माणसे मेल्याची कबुली देणारा हाच राजा. त्याने सैन्य मोडले नाही. परंतु कलिंगच्या विजयाचा त्याने गर्व केला नाही, पश्चात्ताप केला आणि तो दगडावर कोरून ठेवला. सहलीस मुंबईला गेलात तर मुलांना तो दगड जरूर दाखवा.

मावशींना हे सर्व मी त्यांच्या ओट्यावर बसून सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे पोराला आज फोन करून विचारते, ती गाडी कुठं चालली म्हणून.”

त्याने काय सांगितले ते अद्याप कळले नाही. बहुधा त्यालाही कोणी सांगितलेले नसेल.

घरी चर्चा करण्यासाठी प्रश्न

१. उपासकाने वर्ज्य करावयाचे पाच व्यापार कोणते? त्यांपैकी आपल्या गावात कोणते चालतात?

२. शिपाई, शस्त्र बनविणारा कामगार आणि शस्त्र विकणारा व्यापारी यांच्या जबाबदारीत काय फरक आहे?

३. भारतातून विकलेले रणगाडे दक्षिण आफ्रिकेत कसे पोहोचले? हे टाळण्यासाठी काय करता आले असते?

४. आपल्या घरातील उत्पन्न कोठून येते, याची नोंद करा. त्यापायी कोणाला दुःख होते काय, याचा सर्वांनी मिळून विचार करा.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.